छातीवरचे बॅज

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक ते परत विचारायचे. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. मग मी कंटाळून सांगायचो, किरणवाला. तेवढ्यावर लोक गप्प बसायचे आणि जरा लांब सरकायचे.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक छोटी एजन्सी होती. कारखान्यांतल्या पाइपांचे आणि बॉयलरचे वेल्डिंगचे सांधे आतून धड आहेत का, हे आम्ही फोटो काढून सांगायचो. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढतात तसाच, फक्त लोखंडाचा. त्यासाठी लागणारा किरणोत्सारी तुकडा करंगळीच्या नखापेक्षा लहान असतो आणि एका जड डब्यात बंद असतो. त्या डब्याला आम्ही कॅमेरा म्हणतो. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तुकडा नळीतून बाहेर जातो, फिल्मवर चित्र उमटतं, उलटं फिरवलं की तो परत डब्यात येतो. तो बाहेर असेल तेवढा वेळ आसपास चिटपाखरू असता कामा नये. ते बघणं माझं काम. दोरी कुठे बांधायची, मीटरचा काटा काय दाखवतो, काम संपल्यावर कॅमेरा जमिनीतल्या खड्ड्यात गेला का, खड्ड्याला कुलूप लागलं का, सगळं माझ्या सहीने. काही बिघडलं तर मुंबईच्या सरकारी कार्यालयाला उत्तर मी द्यायचं. पण मोटरसायकलचं पेट्रोल मिळावं की नाही, हे मालक ठरवायचा.

मी पेणजवळच्या खाडीकाठचा. आमचे लोक मिठागरावर राबणारे. आई पेणच्या बाजारात मीठ विकायला बसायची आणि तिच्या शेजारी बसून मी भाव करायला शिकलो. गिऱ्हाईक उठून गेलं तरी चार पावलं जाऊ द्यायचं, मग हाक मारायची, हे मला शाळेच्या आधी कळत होतं. पुढे वेल्डरचा हेल्पर झालो, किरणांच्या कामावर हेल्पर झालो, मुंबईला जाऊन परीक्षा दिल्या, एकदा नापास झालो, परत दिल्या. कुणी ओढून वर घेतलं नाही. त्यामुळे माझ्या आवाजात एक धार आली होती. ती मला तेव्हा कर्तृत्वाचा भाग वाटायची.

कारखान्याचे इंजिनिअर माझ्याशी घासाघीस करायचे. दोरी एवढ्या लांब बांधलीत तर आमची शिफ्ट बंद पडते, जरा अलीकडे घ्या. मी वेळेत सूट द्यायचो, जेवणाच्या सुट्टीत काम उरकून द्यायचो, रविवारी माणसं आणायचो, त्यांच्या वरिष्ठाला दोन गोड शब्द सांगायचो. अंतरात मात्र मी एक फूट कधी सोडला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते नेमकं याच्या उलट होतं आणि ते मला अजून सलतं.

आमच्या प्रत्येक माणसाच्या छातीवर एक बॅज असायचा. अंगावर किरण किती पडले, ते तो बॅज साठवून ठेवतो. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज तपासायला जात आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा डोस लिहून येई. एरवी त्यात बघण्यासारखं काही नसायचं. त्या वर्षी, दिवाळी होऊन थंडी पडल्यावर जो अहवाल आला, तो मी उभ्यानेच वाचला आणि खुर्ची ओढून बसलो. आमच्या कामावरच्या सगळ्या पोरांचे डोस मर्यादेबाहेर. त्यातही नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहणाऱ्या एका पोराचा सगळ्यांत जास्त. अहवालात कोरा बॅज एकच होता, माझा.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. पोरांना किरणांच्या कामावरून त्याच दिवशी उठवलं. मुंबईला कळवलं. रक्ततपासणीला पाठवायची तयारी केली. आणि कारण शोधायला लागलो, कारण ते शोधणं हीच माझी खरी नोकरी. खड्डा तपासला, भिंती तपासल्या, कॅमेऱ्याभोवती मीटर फिरवला, मागच्या सगळ्या कामांच्या जागा परत जाऊन मोजल्या. कुठेच काही सापडेना. मग पोरांना एकेकाला आत बोलावलं.

बोलावलं म्हणजे काय केलं, ते सांगतो. मी टेबलावर हात आपटत होतो. दोरीच्या आत कोण गेलं, तुकडा ढकलणारी केबल अडकली होती का, ती कुणी हाताने ओढली का, कुणाच्या सांगण्यावरून. बाहेर उरलेल्यांना सगळं ऐकू जात होतं. एकेक जण येऊन तेच सांगून जायचा, काय माहीत नाय साहेब. अष्टमीचा पोरगा तर खाली बघून नुसती मान हलवत होता. तो आमच्यातला सगळ्यांत सावध माणूस. नुकतंच त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी गडब गावची. मी त्याला म्हणालो की तू मुका झालास तर तुझ्या पोराबाळांनाही तेच भोगावं लागेल. हे शास्त्राला धरून नव्हतं. मला ते माहीत होतं आणि तरी मी बोललो.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. अष्टमीच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले की साहेब स्वतः दोरीच्या बाहेर उभा राहतो आणि पोरांना आत पाठवतो, म्हणून त्याचा बॅज कोरा आणि पोरांचे जळलेले. कंपनीवाल्यांशी भाव करून दोरी अलीकडे घेतो, अशीही पुस्ती जोडली गेली. मी टपरीवर गेलो की गप्पा थांबायच्या. मग गडबहून निरोप आला, लग्नाचं जरा थांबूया.

पोराची आई माझ्याकडे आली. ऑफिसात आत यायला तयार नव्हती, दारातच उभी राहिली. म्हणाली, सायेब, तुमच्या कामापायी माझ्या पोराचं लगीन मोडतंय, आता तुमीच जा आणि सांगा त्यांना, त्यात काय हाय आणि काय नाय. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सगळ्या प्रकरणात मला जमण्यासारखं हे पहिलंच काम होतं. समोरच्याला पटवायचं, दोन पावलं मागे यायचं, सौदा जुळवायचा. शिवाय गडब माझ्या घरच्या वाटेवर. शनिवारी पेणला जाताना मोटरसायकल हमरस्त्यावरून आत वळवली.

मुलीच्या बापाची भाताची शेती, भात काढून झालं की वाल. घरच्या पडवीत मुलगी आणि तिची आई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. बापाने मला खाट दिली, पाणी दिलं, आणि स्वतः खाली बसला. मी सुरुवात चांगली केली. डोस म्हणजे काय, मर्यादा का ठेवतात, ती ओलांडली म्हणजे माणूस आजारी पडतोच असं नाही, एकाचे किरण दुसऱ्याला लागत नाहीत, मुलंबाळं होण्याला धोका वाटत नाही. हे सगळं मी नीट, सोपं करून सांगितलं. मग सौद्यावर आलो. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबा, मोडू नका. अहवाल वाईट आला तर मी स्वतः येऊन सांगेन. बाप ऐकत होता, मधे मधे व्हय म्हणत होता, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो मुलीकडे बघत होता.

मुलीने वालाची साल काढता काढता विचारलं, "दसऱ्याला तुमचा बॅज कुठं व्हता?"

मी म्हणालो, माझ्या खणात, कुलपात. मी पेणला घरी होतो.

"आन त्यांचे?"

"गप गो," तिची आई म्हणाली. "मोठ्या माणसाला असं इचारतात?"

"कुणीतरी इचाराया हवं ना. सायबांनी इचारलंच नाय."

मी म्हणालो की पोरांचे बॅज ऑफिसच्या फळीवर टांगलेले असतात, कॅमेऱ्यापासून लांब, तसा नियमच आहे.

"फळीवर नव्हते. पूजेला व्हते," ती म्हणाली. "खंडेनवमीला डबा खड्ड्यातनं काढून पाटावर मांडला, हार घातला, आन सगळ्यांचे बॅज त्याच्याच अंगावर ठेवले. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाय. वर रविवार आला. यांचा बॅज तर सगळ्यांत वर, फुलाखाली. लगीन ठरलंय ना, म्हणून देवाच्या जवळ."

मला सगळं एका क्षणात दिसलं. कॅमेरा बंद असला तरी त्याच्या अंगातून थोडे किरण बाहेर येतातच. माणूस तो उचलतो आणि ठेवतो, त्याला त्याचं काही होत नाही. पण त्याच्या पाठीवर बॅज ठेवून खोलीला कुलूप लावून सगळे घरी गेले, तर तो बॅज बिचारा रात्रंदिवस मोजत बसतो. पोरांच्या अंगावर काही पडलंच नव्हतं. बॅज एकटेच भाजले होते.

मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? म्हणाली, त्यांनीच, रोह्याच्या बाजारात भेटले तवा. माझा आवाज चढला. मग मला का नाही सांगितलं, असं मी तिच्याच पडवीत बसून तिच्यावर ओरडलो.

तिने हातातली साल टाकली. "आदल्या वर्षी नारळ कुणी फेकला व्हता, सायेब?"

नारळ मी फेकला होता. आदल्या वर्षी खंडेनवमीला मी अचानक आत गेलो, तर पोरांनी कॅमेऱ्याला कुंकू लावलेलं, कुलपाच्या भोकापर्यंत अक्षता पडलेल्या. तांदळाचा एक दाणा आत गेला आणि तुकडा परत येताना अडकला, तर माणसाच्या जिवाशी खेळ होतो. पूजा बंद करायला लावली हे माझं बरोबरच होतं, आजही मी तेच करेन. पण मी ताट उचललं आणि नारळासकट दाराबाहेर फेकलं. कुंकू पायरीवर सांडलं. पोरं ते वेचत होती आणि मी त्यांच्या डोक्यावर उभा राहून त्यांची अक्कल काढत होतो. त्याची गोष्ट गडबपर्यंत पोचली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाप सावकाश बोलला. "लगीन मोडायचं आमी म्हटलंच नाय, सायेब. किरणांना आमी भ्यालो नाय. ही म्हणते थांबा, म्हणून थांबलो."

"भिऊन गप बसतो, त्याच्याशी कसं लगीन करू?" मुलगी म्हणाली. "त्याच्यापायी समद्यांचं काम बंद पडलं तरी तोंड उघडंना. उद्या घरात काय झालं तर मला तरी सांगंल काय? त्यानं तुमाला तोंडावर खरं सांगितलं, की मग मी तयार. पन मी बोलले असं त्याला सांगू नका. आपणहून सांगाया हवं."

चहा आला तो मी कसा प्यायलो आठवत नाही. उठलो तेव्हा बापाने मला रस्त्यापर्यंत सोबत केली, मी पाहुणा असल्यासारखी. मोटरसायकल चालू होईना इतक्या वेडपट लाथा मी तिला मारल्या. शेवटी रस्त्याकडेच्या दुकानात सोडा घेऊन बसलो. मीटर माझ्याकडे, नियम माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे, आणि जे कळायला हवं ते वाल सोलणाऱ्या बायकांना माझ्याआधी माहीत. त्या पोरांनी किरण लागलेले म्हणवून घेतलं, कामावरून उठवलेलं सोसलं, सुया टोचून घ्यायची तयारी दाखवली. माझ्यासमोर खरं बोलण्यापेक्षा त्यांना ते सगळं सोपं वाटलं. दुकानदाराने ओळखलं, किरणवाले ना, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो.

सोमवारी मी रोह्याला गेलो तो ठरवून, की मऊ बोलायचं. मला वाटलं होतं की भाव उतरवण्यासारखंच हे असेल, दोन दिवसांत जमेल. मी पोरांना चहा मागवला. घरची चौकशी केली. एकाने आवाराचं फाटक उघडं ठेवलं होतं, ते मी काही न बोलता लावून घेतलं. पोरं आणखीच घाबरली. त्यांतला एक जण हिशेबनिसाला विचारताना मी ऐकलं, "साहेबाला मुंबईहून काय आलंय काय? लय गोड बोलतोय. आता आपल्याला काढणार."

अष्टमीच्या पोराला मी कॅमेऱ्याची महिन्याची तपासणी करायला एकट्यालाच बोलावलं. कुलूप कसं फिरतं ते बघता बघता सहज विचारल्यासारखं केलं, यंदा पूजा केली होती का रे?

"नाय साहेब," तो लगेच म्हणाला.

माहीत असलेली खोटी गोष्ट तोंडावर ऐकून घेणं मला तोवर कधी जमलं नव्हतं. मी बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं, परत आलो. तो तसाच उभा होता. आणखी गोल गोल फिरून उपयोग नाही, हे मला कळलं. मी म्हणालो, "मागच्या वर्षी पूजा थांबवली ते बरोबर केलं. ताट फेकलं ते वाईट केलं. देवाचं होतं, आणि तुम्ही वर्गणी काढून आणलेलं."

त्याने कॅमेऱ्याचं कुलूप एकदा उगाच फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, यंदा पण केली. कुलपाला काय लावलं नाय, तुमी सांगितलेलं ते ध्यानात व्हतं. पन बॅज ठेवले वर." आणि मग त्याने सगळं सांगितलं. कुणी पाट आणला, कुणी दार लावलं, दसऱ्यानंतर कुणी येऊन फुलं गोळा केली, सगळं. हे सांगताना तो कुणाचंही नाव लपवत नव्हता आणि स्वतःचं सगळ्यांत आधी घेत होता.

मी त्याला विचारलं, लग्न मोडायला आलं होतं, तेव्हा तरी का नाही बोललास?

"लगीन दुसरं जमलं असतं, साहेब," तो म्हणाला. "तुमच्यापुढं उभं राह्यचं म्हंजे..."

मी त्याला एवढंच म्हणालो की हे वाक्य गडबला कधी बोलू नकोस.

नंतरचं काम सोपं होतं. नवे बॅज कॅमेऱ्यावर तसेच मांडून, तेवढाच काळ ठेवून तपासायला पाठवले. आकडे जवळपास तेच आले. रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नाही. पोरं कामावर परतली. मुंबईला अहवाल पाठवताना मालक म्हणाला की चुकून बॅज कॅमेऱ्याजवळ राहिले एवढंच लिहा, पूजा कशाला, आणि तुमचं नाव कशाला. मी पूजाही लिहिली आणि हेही लिहिलं की सुरक्षा अधिकाऱ्याच्या धाकामुळे कामगारांनी माहिती दिली नाही. ते वाक्य लिहायला मला सकाळ पुरली नाही.

त्याचं फळ मला मिळालं. मालकाने पुण्याहून एक पदवीवाला आणला आणि माझ्या डोक्यावर बसवला. मालकाचं म्हणणं, तुम्हीच तर लिहून दिलंत. पोटाला चिमटा घेऊन शिकून जी खुर्ची मिळवली, ती मी माझ्याच हाताने लिहिलेल्या एका ओळीने घालवली. खोटं लिहिलं असतं तर ती राहिली असती. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही. आणि तो पदवीवाला आला त्याच आठवड्यात पोरं त्याच्याकडे जाऊन, केबल घासते, मीटरची बॅटरी उतरली, असं आपणहून सांगू लागली, ते बघताना मात्र रागवायला माझ्याकडे काही उरत नसे. मी खाली बघून माझं काम करायचो.

लग्न उन्हाळ्यात गडबला झालं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, पोरगा स्वतः येऊन पत्रिका देऊन गेला, जायलाच हवं. गेलो. मांडव शेतातच घातला होता. एजन्सीची पोरं एका बाजूला कोंडाळं करून हसत होती. मी जवळ गेलो तसं एकाने खुर्ची पुढे केली आणि हसणं थांबलं. पुण्याचा अधिकारी त्यांच्यातच बसला होता, त्याच्या हातात आइस्क्रीम होतं.

अक्षता पडल्यावर मी नवरानवरीला भेटायला गेलो. नवऱ्याने वाकून नमस्कार केला. नवरी ताठ उभी होती, मुंडावळ्यांमधून माझ्याकडे बघत.

"सायेब, आता ओरडलात तरी चालंल हां," ती म्हणाली. "आता तो सांगतो."

तिची आई मागून, गप गो, म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या, बाप हसला, पोरांच्या कोंडाळ्यातूनही हसू आलं. नवरदेव मात्र हसला नाही. हसू की नको, म्हणून तो आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी हसलो, तेव्हा कुठे तो हसला.